‘वर गेल्यावर दिसेलच की सगळं’

पत्र:

«माझे वडील 74 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आई गेल्याला वर्ष होऊन गेलं. ती होती तोवर ते रोज संध्याकाळी आसपासच्या मुलांना फी न घेता गणित शिकवायचे. आता ते बंद. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कधी घेतात, कधी नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनला तयार नाहीत. म्हणतात, ‘वर गेल्यावर दिसेलच की सगळं.’ फार आग्रह केला तर उत्तर ठरलेलं: ‘माझं सामान बांधून झालंय. आपलं नागरिकत्व स्वर्गातलं.’ मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळे त्यांचं कौतुक करतात, की बघा, जगाचा मोह कसा सुटला. मी काळजी बोलून दाखवली तर माझाच विश्वास कमी पडतोय असं ऐकावं लागतं. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, ‘तुमच्या धर्मातच ही सोय आहे. स्वर्गाचं तिकीट हातात पडलं की पृथ्वीचं काय का होईना.’ राग आला, पण उत्तर सुचलं नाही. मी सुट्टीच्या दिवशी नदी साफ करणाऱ्या एका गटाबरोबर जाते. परवा गाळात उभी असताना वाटलं, हे सगळं एक दिवस जळूनच जाणार असेल तर मी हे करतेय कशासाठी? स्वर्गावर विश्वास ठेवायचा म्हणजे इथलं सोडून द्यायचं का?»

उत्तर:

ताई, तुमच्या वडिलांचं मोतीबिंदूवरचं वाक्य वाचून आधी हसू आलं. मास्तर गणिताचे असले तरी बायबलचा अभ्यास पक्का दिसतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, म्हणतो की आता आपल्याला आरशात पाहावं तसं अंधुक दिसतं, पुढे समोरासमोर दिसेल. वडिलांनी ते वचन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांवरच चालवलं. हसू फार टिकलं नाही, कारण आधीच्याच ओळीत गोळ्यांचा उल्लेख होता.

म्हणून गोळ्यांचं आधी बोलू, स्वर्गाचं नंतर. जोडीदार गेल्यावर माणूस आवडीचं काम टाकतो, औषधं चुकवतो, निघायची भाषा बोलतो आणि वर्ष उलटलं तरी त्यात फरक पडत नाही, तेव्हा डॉक्टरांना नैराश्याची शंका येते. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडून दिसत नाही. माणूस गप्प होतो, जेवण कमी होतं, ‘आता काय राहिलंय’ हे पालुपद सुरू होतं. विश्वासू घरात त्याच पालुपदाला वचनांची भाषा मिळते आणि मग कोणालाच संशय येत नाही. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना गेल्या वर्षभरातला बदल सविस्तर सांगा, साखर तपासून घ्या आणि काही काळ गोळ्या स्वतःच्या हाताने द्या. साखर दीर्घकाळ चढी राहिली तर डोळ्यांच्या पडद्यालाही इजा होते. मग मोतीबिंदू काढला तरी नजर पुरती परत येईलच असं नाही.

आणि एक प्रश्न त्यांना सरळ विचारा, जड गेला तरी: ‘पप्पा, जगणं संपवावं असं मनात येतं का?’ विचारल्यामुळे नसता विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आलं, किंवा गप्प राहून त्यांनी मान वळवली, तर त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यात मी त्यांच्या श्रद्धेला आजार ठरवत नाही. स्वर्गाची ओढ आणि जगण्यातून उडालेलं मन एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, मंडळीतल्या लोकांनाही. त्यांना फरक ओळखता आला नाही याचं मला नवल वाटत नाही; त्यांनी टाळ्या वाजवल्या याचं वाटतं.

आता वडिलांच्या वचनाकडे. ‘आपलं नागरिकत्व स्वर्गातलं’ हे फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे. हे पत्र पौलाने कैदेत असताना लिहिलं. फिलिप्पै ही रोमन वसाहत. इसवी सनापूर्वी 42 साली तिथे मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त रोमन सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवण्यात आलं. तिथला रोमी नागरिक काही रोमला परतायची वाट बघत बसलेला नव्हता. त्याने तिथेच राहायचं, आणि रोमची रीत, रोमचा कायदा त्या गावात रुजवायचा, यासाठीच तर वसाहत होती. अशा गावातल्या लोकांना पौल सांगतो की तुमचं नागरिकत्व स्वर्गातलं आहे, आणि लगेच पुढे म्हणतो की तिथूनच तारणारा येणार आहे, त्याची आपण वाट पाहतो. ऐकणाऱ्यांना ‘बाडबिस्तरा आवरा’ असं ऐकू आलं नसणार. ज्याचं नागरिकत्व आहे त्याची रीत इथे चालवा, असंच ते समजले असणार.

त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तर पौल अगदी तुमच्या वडिलांसारखाच बोलतो. मला जगणं म्हणजे ख्रिस्त आणि मरणं लाभ, म्हणतो. निघून ख्रिस्ताजवळ जावं असं मन म्हणतं आणि ते कितीतरी चांगलं, असंही म्हणतो. ही ओढ खोटी नाही, कमीपणाचीही नाही. तुम्ही ती नाकारायला गेलात तर वडील ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. पण पौल तिथे थांबत नाही. पुढचंच वचन आहे की मी देहात राहणं तुमच्यासाठी अधिक गरजेचं आहे, आणि हे ठाऊक असल्यामुळे मी राहणार. स्वर्ग हवासा वाटणं आणि इथे कोणाला तरी आपली गरज असणं ही दोन्ही त्याने शेजारी शेजारी ठेवली, आणि निकाल दुसरीच्या बाजूने दिला. वडील नेमकी तेवढी ओळ गाळतात.

माझी आवडती जागा मात्र वेगळी आहे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल सांगतो की माझी निघायची वेळ आली आहे, धाव संपवली आहे, आता मुगुट राखून ठेवला आहे. निरोपाच्या सभांमध्ये हे हमखास वाचलं जातं आणि वाचणारे तिथेच पुस्तक मिटतात. त्यांनी आणखी थोडं पुढे जावं. मुगुटाची वाट पाहणारा हाच माणूस लिहितो, त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो घेऊन ये, आणि पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. मग शेवटी, हिवाळ्याआधी यायचं बघ. मरण दारात आहे हे माहीत असलेल्या माणसाला थंडी वाजते, वाचायला पुस्तकं हवी आहेत, आणि तो ते लाजत नाही. ‘वर गेल्यावर सगळंच कळेल, आता चर्मपत्रं कशाला’ असं पौलाच्या मनाला शिवलं नाही. हा अध्याय वडिलांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. स्पष्टीकरण देऊ नका. मास्तर आहेत, त्यांचं ते समजतील.

आंधळ्या बार्तीमयाची गोष्टही अशीच, मार्काच्या 10व्या अध्यायातली. यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा हा माणूस ओरडत राहिला, लोकांनी दटावलं तरी गप्प बसला नाही. येशूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? तो म्हणाला, मला दिसावं. येशूने त्याला ‘स्वर्गात दिसेल’ असं सांगितलं नाही. काही वर्षांनी मातीत जाणाऱ्या डोळ्यांना त्याने दृष्टी दिली. याईराच्या मुलीला उठवलं तेव्हाही पुढचं वाक्य होतं, हिला काहीतरी खायला द्या. लाजराला कबरेतून बाहेर काढलं, तोही पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. म्हणजे तात्पुरतं बरं करणं, तात्पुरतं जेवू घालणं, तात्पुरतं जिवंत ठेवणं येशूला फुकट वाटलं नाही, आणि स्वर्ग कसा असतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

लाजराचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. योहानाच्या 11व्या अध्यायात येशू कबरेजवळ रडतो. थोड्याच वेळात तो लाजराला हाक मारणार आहे, हे त्याला माहीत आहे, तरी रडतो. तुमच्या वडिलांना कोणी रडू दिलं का? आई गेली तेव्हा मंडळीने गाणी म्हटली असतील, ‘ती चांगल्या ठिकाणी आहे’ असं सांगितलं असेल. ते खरंच आहे असं मीही मानतो. पण ज्या माणसाशी कित्येक वर्षं रोज बोलायची सवय, तिची खुर्ची रिकामी आहे, हेही खरं आहे. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं तो म्हणत नाही. माझा अंदाज असा, की वडिलांनी शोकावर आशेचं झाकण घट्ट लावलं आणि आत गुदमरले. तुम्ही त्यांच्याशी स्वर्गावर वाद घालण्याआधी आईबद्दल बोला. ती काय म्हणायची, कशावर चिडायची. तिला हे संध्याकाळचे वर्ग बंद झालेले आवडले असते का, हा प्रश्न ओघात आला तर येऊ द्या.

आता तुमचा नदीतला प्रश्न. तो वडिलांपेक्षा अवघड आहे, कारण इथे मंडळ्यांमध्ये खरोखर मतभेद आहेत. काही परंपरा मानतात की ही पृथ्वी नष्ट होईल आणि विश्वासणाऱ्यांना वर घेतलं जाईल. इतर कित्येक मानतात की देव हीच सृष्टी शुद्ध करून नवी करील. तुम्हाला आठवलेलं वचन पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं असणार, मूलतत्त्वं तापून विरघळतील वगैरे. मी दुसऱ्या मताचा आहे, आणि त्याचं एक कारण त्याच अध्यायात आहे. अग्नीची गोष्ट सांगण्याआधी पेत्र जलप्रलयाची आठवण काढतो: तेव्हाचं जग पाण्याने बुडून नाश पावलं. नाश पावलं म्हणजे काय झालं? दुष्टाई वाहून गेली, आणि नोहा बाहेर आला तेव्हा त्याच जमिनीवर पाय ठेवला. पुढे पेत्र नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची वाट पाहायला सांगतो, जिथे नीतिमत्त्व राहील. नीतिमत्त्वाला राहायला जागा लागते, हे मला फार आवडतं.

प्रकटीकरणाचा 21वा अध्याय आपण अंत्यविधीला नेहमी ऐकतो: देव डोळ्यांतले सगळे अश्रू पुसून टाकील, मरण राहणार नाही. त्याच्या दोनच वचनं आधी काय घडतं ते बघा. पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि आवाज येतो की देवाची वस्ती माणसांबरोबर आहे. बायबलच्या शेवटच्या पानांवर माणसं वर जात नाहीत, देव खाली येतो. मग नदी येते, तिच्या दोन्ही काठांवर जीवनाचं झाड, आणि त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. त्याच पुस्तकाच्या 11व्या अध्यायात, पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आली आहे, असंही म्हटलंय. ‘तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ ही प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणतो. स्वर्गाची रीत पृथ्वीवर मागायची आणि पृथ्वीवरचा कचरा तसाच ठेवायचा, हे जुळत नाही.

माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, असं उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पाप तिसऱ्या अध्यायात येतं. म्हणजे राखणदारी ही शिक्षा नाही, पापाआधीची नेमणूक आहे. मालक परत येऊन हिशेब मागतो, ही येशूच्या दाखल्यांतली नेहमीची गोष्ट. एकाने मालकाने सांभाळायला दिलेला तालंत, म्हणजे मोठी रक्कम, जमिनीत पुरून ठेवला, जसाच्या तसा परत केला, आणि त्यालाच सगळ्यात कडक बोलणी बसली. मी चोरी तर केली नाही, एवढं म्हणून त्याची सुटका झाली नाही.

तरीही ‘मी हे करतेय कशासाठी’ हा तुमचा प्रश्न शिल्लक राहतो, कारण तुम्ही आज काढलेला कचरा पुढच्या पुरात परत येणार, हे तुम्हालाही माहीत आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात एक जमीनखरेदी आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मयाने स्वतःच सांगितलंय, आणि ते सांगितल्याबद्दलच तो पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. व्यवहार म्हणून याहून वाईट व्यवहार सापडणार नाही. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन कोण घेतो? यिर्मया घेतो. 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. साक्षीदार सह्या करतात. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोर केलेली, एक उघडी, त्याचा लेखनिक बारूख याच्याकडे दिल्या जातात, आणि तो त्या मातीच्या मडक्यात घालतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. कारण देवाने सांगितलंय की या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. यिर्मयाला त्या शेतात एक दाणाही पेरायला मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

हाच प्रसंग डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन धर्मोपदेशकाला आठवला, तोही तुरुंगातच. हिटलरविरोधी कामामुळे त्याला एप्रिल 1943 मध्ये अटक झाली होती, नुकतीच सोयरीक ठरली होती. त्या ऑगस्टमध्ये त्याने होणाऱ्या बायकोला लिहिलं की आपलं लग्न म्हणजे देवाच्या पृथ्वीला दिलेला होकार आहे, आणि जे ख्रिस्ती एकाच पायावर पृथ्वीवर उभे आहेत ते स्वर्गातही एकाच पायावर उभे असतील, अशी भीती वाटते. लग्न झालं नाही. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं. मृत्यू ही सुरुवात आहे असं मानणाऱ्या माणसाने पृथ्वीवर दोन्ही पाय रोवायला सांगावेत, यात मला विसंगती दिसत नाही. सगळं आपल्याच हयातीत फळाला आलं पाहिजे, ही घाई स्वर्गावरच्या विश्वासाने सुटते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय पुनरुत्थानावर आहे, लांबलचक, आणि त्याचा शेवट होतो तो या वाक्यावर: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. नदीचा गाळ त्या श्रमांत बसतो का, असं विचाराल तर मी म्हणेन, बसतो.

तुमच्या मित्राला मात्र मी झिडकारणार नाही. तो अर्धा बरोबर आहे. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटतात ती निर्गमातली गोष्ट त्यातून वगळली. दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा, हे ठेवलं. म्हणजे सुटका फक्त मेल्यावर. मार्क्सने 1840च्या दशकात धर्माला अफू म्हटलं ते उगाच नाही. अशी अफू देणारे होतेच. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही प्रभूच्या येण्याची तारीख धरली, आणि काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि पीक तिथेच उभं होतं. खरं तर या प्रकारावर थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातच इलाज लिहून ठेवला होता: काम करायला नको म्हणणाऱ्याने खाऊही नये.

पण उरलेलं अर्ध मित्राला सांगा. त्याच 1807 साली ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला, आणि त्यासाठी वीस वर्षं झगडणारा विल्बरफोर्स हाही स्वर्ग आणि न्यायाचा दिवस मानणाराच होता. ज्यांना अफू पाजायची होती ते गुलामसुद्धा वाटत होतं तितके भोळे नव्हते. गुलामीत जन्मलेला आणि 1838 मध्ये पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस पुढे लिहितो, आम्ही कनानची, म्हणजे बायबलमधल्या वचनदत्त देशाची, गाणी म्हणायचो, आणि आमचा कनान म्हणजे उत्तर होती, जिथे गुलामी नव्हती. मालकाला वाटायचं, बिचारे स्वर्गाचं गातायत.

याहून जुना पुरावा तिसऱ्या शतकातला. 250 च्या सुमारास रोमन साम्राज्यात भयंकर साथ पसरली. आलेक्झांद्रियाचा बिशप दियोनिसियस लिहितो की लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून पळत होते आणि ख्रिस्ती मात्र त्यांची शुश्रूषा करताना स्वतः मरत होते. बिशप आपल्याच लोकांचं कौतुक करणार, असं मित्र म्हणेल. म्हणू दे. मग त्याला रोमन सम्राट ज्युलियनचं सांगा. हा ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. 362 च्या सुमारास तो आपल्या पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही पोसतात. मरणाची भीती गेलेली माणसं आजाऱ्याच्या उशाशी बसू शकली, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या वडिलांचीही मरणाची भीती गेली आहे. मग त्या निर्भयतेचं ते काय करतायत? प्रतीक्षालयात बॅग मांडीवर घेऊन बसलेत.

हे शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवू नका. आणि वर दिलेली सगळी वचनं एका बैठकीत त्यांच्यावर फेकू नका. मास्तरांना कोणी शिकवायला आलं की ते परीक्षक होतात. त्यापेक्षा त्यांची मदत मागा, खोटी नाही, खरी. तुमचा नदीवरचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा: ‘पप्पा, सगळं जळणार असेल तर मी ही नदी साफ करू की नको?’ ते जे उत्तर देतील ते त्यांना स्वतःलाही ऐकू येईल. ‘नको करूस’ म्हणाले तर यिर्मयाचं शेत काढा आणि त्यांनाच समजावून सांगायला लावा.

ऑपरेशनबद्दल. हे सहसा एका वेळी एका डोळ्याचं करतात, भूल बहुधा डोळ्यापुरतीच असते आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. साखर आधी आटोक्यात आणावी लागेल, म्हणून गोळ्या नियमित झाल्याशिवाय तारखेचा आग्रह धरू नका. शक्य आहे की त्यांचा नकार श्रद्धेतला कमी आणि भीतीतला जास्त असेल. डोळ्याला सुई लावायची कल्पना कोणालाही नको वाटते. डॉक्टरांना नेमकं काय करणार ते त्यांना सावकाश सांगायला सांगा, तुमच्या मध्यस्थीशिवाय.

मंडळीतल्या कौतुकावर उत्तर देत बसू नका. तुमच्या विश्वासाचं मोजमाप करणाऱ्यांशी भांडून काही मिळणार नाही. मात्र पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, एकट्याने भेटा आणि स्पष्ट सांगा की पप्पा गोळ्या घेत नाहीत. बहुधा त्यांना हे माहीतच नसेल. त्यांनी घरी येऊन प्रार्थना करावी, आईबद्दल बोलावं, आणि निघताना मुलांच्या वर्गाची चौकशी करावी, एवढं मागा. व्यासपीठावरून ‘जगाचा मोह सुटला’ म्हणून त्यांचं उदाहरण देणं थांबवावं, हेही मागा. हे मागायला तुम्हाला जड जाईल, पण मागा. पाळक समंजस असतील तर त्यांना फिलिप्पैकरांस पहिल्या अध्यायाची आठवण करून द्यावी लागणार नाही.

संध्याकाळच्या वर्गातली मुलं अजून आसपासच असतील. त्यांच्यातल्या एखाद्या थोड्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला वही घेऊन यायला सांगा. खरोखर अडलेलं गणित आणायला सांगा. बनाव वडिलांच्या लगेच लक्षात येईल. अक्षरं दिसत नाहीत म्हणून ते बहुधा वही परत करतील, मग मुलाने गणित मोठ्याने वाचावं. तोंडी सोडवता येण्यासारखं असेल तर ते सोडवतीलच, मास्तर गणित अर्धं टाकत नाही. ऑपरेशनचा विषय त्या दिवशी काढू नका. वही दिसत नाही, अशी तक्रार त्यांनी स्वतः करेपर्यंत थांबा.